कोणत्या सालची 'विक्रांत'?
(द्वितीय वर्ष, कला)

जहाजांच्या प्रतिकृती करणे हा छंद आपल्याकडे घरोघरी आढळणारा नव्हे. दिवाळीत किल्ला करणारी मुले पुष्कळ. पण त्याच हौसेने बाल्सा लाकूड, पुठ्ठा व सुईएवढ्या काड्या घेऊन महिनोन्‌महिने एका जहाजावर बसणारा मुलगा शंभरात एखादाच. एन. सी. सी. च्या नौदल विभागात मात्र जहाजांच्या प्रतिकृतींची रीतसर स्पर्धा असते. या स्पर्धेची तयारी करणाऱ्या एका मित्राने गेल्या वर्षी मला गळ घातली, की तू इतिहासाचा विद्यार्थी आहेस, तर आम्हाला 'विक्रांत'ची माहिती काढून दे. मला वाटले, चार दिवसांचे काम. लांबी, रुंदी, तोफा, विमाने लिहून काढली की झाले. त्या कामाची आता जाडजूड संदर्भवही झाली आहे. ती करताना जी पद्धत हाती लागली ती वर्गबंधूंना व गुरुजनांना सांगावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश.

प्रथम अशा संदर्भग्रंथाचे स्वरूप सांगितले पाहिजे. नौदलाचा इतिहास सांगणारे पुस्तक कोणी, केव्हा, कोठे, कशासाठी लढले हे सांगते. प्रतिकृती करणाऱ्याला यातले फारसे उपयोगी पडत नाही. त्याचे प्रश्न निराळे. डेकच्या कडेला जाळी होती की कठडा? डोलकाठी किती उंच? बोटी कोणत्या बाजूला टांगल्या होत्या? इंग्लंडमध्ये अशा ग्रंथांची मोठी परंपरा आहे. एकेका जहाजावर एकेक स्वतंत्र पुस्तक असते, आणि त्यात कथा थोडी व आकृत्या फार. 'व्हिक्टोरियस' आणि 'इंट्रेपिड' या दुसऱ्या महायुद्धातील विमानवाहू जहाजांवर अशी पुस्तके निघालेली आहेत. खिळा न्‌ खिळा त्यात रेखाटलेला असतो असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे युद्धात उतरलेले विमानवाहू जहाज म्हणून पहिले नाव 'विक्रांत'चेच. तिचा जन्म मात्र आपल्यासाठी झालेला नव्हता. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना ब्रिटनला विमानवाहू जहाजांची निकड भासली. मोठी जहाजे बांधायला वर्षेच्या वर्षे लागतात, म्हणून १९४२ साली एका हलक्या जहाजाचा आराखडा करण्यात आला. सांगाडा शक्य तितका व्यापारी जहाजांच्या धर्तीवर, जेणेकरून युद्धनौका बांधण्याचा अनुभव नसलेल्या गोद्यांनाही काम देता यावे. त्या मालिकेतले 'हर्क्युलिस' हे जहाज १९४३ च्या ऑक्टोबरात बांधायला घेतले आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी पाण्यात सोडले. तोवर युद्धच संपले होते! अर्धवट 'हर्क्युलिस' तशीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ती पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती 'विक्रांत' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईस पोहोचली. डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी ती समुद्रात गस्तीवर होती. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत असल्याने बाहेर पडली नाही. तेव्हा 'युद्धकालीन विक्रांत' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे १९७१ चा डिसेंबरच असतो.

येथपर्यंत सारे सोपे होते. खरा प्रश्न माझ्या वडिलांनी उभा केला. ते स्वारगेटजवळच्या एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे काम करतात. शाळा सातवीपर्यंत, पण पत्र्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. मी टेबलावर पसरलेले फोटो त्यांनी हात पुसत पाहिले आणि विचारले, "अरे, ही कुठल्या सालची गाडी?" मी म्हणालो, "बाबा, गाडी नाही, जहाज आहे." ते म्हणाले, "तेच ते. साल सांगितल्याशिवाय आमच्याकडे दिव्याची काचसुद्धा मिळत नाही. नाव एक असलं तरी दर दोन-तीन वर्षांनी बंपर बदलतो." इतिहासाच्या तासाला मूळ साधने आणि दुय्यम साधने यांवर बरेच ऐकले होते, पण वस्तूचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न सालाचा, हे इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

कारण 'विक्रांत' ही एक नव्हे, निदान तीन आहेत. पहिली १९६१ पासूनची. सपाट डेक, तिच्यावर तिरकी धावपट्टी, नाळेकडच्या टोकाला विमान फेकणारे वाफेचे कॅटपल्ट, आणि उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखालचा आकडा अडकावा म्हणून आडव्या ताणलेल्या पोलादी तारा. १९७१ ची 'विक्रांत' ती हीच. पुढे १९७९ ते १९८२ या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली, रडारची रचना बदलली, आणि १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर विमाने तिच्यावर उतरू लागली. ही दुसरी. १९८७ ते १९८९ च्या दुरुस्तीत कॅटपल्ट काढून टाकले गेले आणि नाळेवर पावणेदहा अंशांची चढण बसविली गेली. सी हॅरियर थोडेसे धावून त्या चढणीवरून आकाशात झेपावत असे. ही तिसरी. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती नौदलातून निवृत्त झाली ती या तिसऱ्या रूपात, आणि पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली तीही याच रूपात.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. आमच्या वाड्यात एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. शाळांच्या सहली घेऊन ते स्वारगेटहून अनेकदा मुंबईला गेले होते. त्यांना मी मित्राच्या प्रतिकृतीचे पहिले रेखाटन दाखविले तेव्हा ते लगेच म्हणाले, "पोरा, पुढचं टोक चुकलं तुझं. ते वर उचललेलं होतं. मी स्वतः त्यावर उभा राहिलोय." काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. जे त्यांनी पाहिले तेच ते सांगत होते. मात्र ज्या डेकवर ते उभे होते तो डेक १९७१ च्या युद्धात अस्तित्वात नव्हता. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार खरे बोलत असूनही त्याची साक्ष आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही, असा प्रकार इतिहासात किती वेळा होत असेल! ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. न्यू यॉर्क येथे 'इंट्रेपिड' १९८२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तेथला हौशी मनुष्य टेप घेऊन तिच्यावर जाऊ शकतो, आमच्यापेक्षा तो केवढा भाग्यवान! पण महायुद्धातील 'इंट्रेपिड'चा डेक सरळ होता. आज दिसणारी तिरकी धावपट्टी युद्धानंतरची. जतन केलेले जहाज आपले शेवटचे रूप दाखविते, लढाईतले नव्हे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? या प्रश्नाशी आलो तेव्हा टिळक रस्त्याने सदाशिव पेठेत पंधरा मिनिटांवर असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची आठवण झाली. मंडळाचे एक संस्थापक राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. त्यांचा सारा भर अस्सल पत्रांवर, कारण बखर ही घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असते आणि पत्र त्या दिवसाचे असते. प्रतिकृतीच्या बाबतीत अस्सल पत्र म्हणजे तारीख असलेला फोटो. बाकी सर्व बखरी. पुस्तकातली रेखाचित्रे बखर, दुसऱ्याने केलेली प्रतिकृती बखर, फार काय, फोटोखाली छापलेला मजकूरसुद्धा बखरच. डिसेंबर महिन्यात १९७१ च्या युद्धावर लेख येतात, त्यांच्यासोबत 'विक्रांत'चा फोटो असतो, आणि पुष्कळदा त्या फोटोत डेकवर ऐटीत सी हॅरियर उभे असते. सी हॅरियर आपल्या नौदलात आले १९८३ साली.

तारीख नसलेल्या फोटोला मात्र फोटोतूनच बोलते करता येते. नाळ वर उचललेली दिसली की १९८९ नंतरचा, हे तर आंधळ्यालाही कळेल. नाळ सपाट असेल तर विमानांकडे पाहावे. सी हॅरियर दिसले की १९८३ च्या डिसेंबरानंतरचा. सी हॉक आणि अलिझे दोन्ही दिसली तर आपण बऱ्यापैकी सुरक्षित, पण हीच विमाने १९६१ मध्येही होती. म्हणून मग डोलकाठीवरची रडार पाहावीत आणि ज्याची तारीख पक्की आहे अशा फोटोशी ताडून पाहावीत. एका फोटोला दुसरा फोटो, दुसऱ्याला तिसरा, अशी साखळी जुळत जाते. माझ्या वहीत प्रत्येक फोटोपुढे दोन तारखा आहेत, 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही'. या दोन तारखांत १९७१ चा डिसेंबर बसत नसेल तर फोटो कितीही सुंदर असो, तो शेवटच्या पानांत जातो.

एक मोठा सापळा भावंडांचा. 'विक्रांत' ज्या वर्गातली त्यात एकंदर सहा जहाजे. ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' आणि 'मेलबर्न', कॅनडाची 'मॅग्निफिसंट' आणि 'बोनाव्हेंचर', आपली 'विक्रांत', आणि सहावी 'लेव्हायथन' जी कधी पुरीच झाली नाही. 'मेलबर्न'वर लिखाण भरपूर उपलब्ध असल्याने तिचे नकाशे घ्यावेत आणि नाव 'विक्रांत' द्यावे असा मोह होतो. सांगाड्यापुरते ते ठीक आहे. परंतु ही जहाजे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या देशांसाठी, निरनिराळ्या विमानांसाठी पुरी करण्यात आली. 'सिडनी' १९४८ ची, तिला तिरकी धावपट्टी नाहीच. तेव्हा पाण्याजवळचा आकार भावंडांकडून घ्यावा आणि डेकच्या वरचे काहीही घेऊ नये, असा नियम मी घालून घेतला आहे.

आता मापे. 'विक्रांत'ची लांबी ७०० फूट, म्हणजे सुमारे २१३ मीटर. स्वारगेटच्या स्थानकात एसटीच्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर अठरा-एकोणीस गाड्या लागतील. रुंदीच्या बाबतीत एका पुस्तकात ८० फूट तर दुसऱ्यात १२८ फूट. चांगल्या पुस्तकांत एवढी तफावत कशी, म्हणून मी बुचकळ्यात पडलो. पण दोन्ही आकडे खरे आहेत. ८० फूट ही जहाजाच्या अंगाची रुंदी, आणि १२८ फूट ही वरच्या डेकची, दोन्ही कडांना बाहेर आलेले सज्जे धरून. जुन्या वाड्याचे जोते आणि पहिल्या मजल्याचे सज्जे यांची मापे जशी वेगळी तसेच हे. ज्याने १२८ चा आकडा घेऊन खालचे अंग कापले त्याचे जहाज कढईसारखे दिसणार. वजनाचेही असेच. १६,००० टन आणि १९,५०० टन, पहिले इंधनाविना, दुसरे पूर्ण भरलेले. प्रतिकृतीला वजनाशी कर्तव्य नसते असे वाटेल, परंतु भरलेले जहाज पाण्यात खोल बसते, सुमारे २४ फूट, आणि पाण्याची रेषा कोठे रंगवायची ते त्यावरून ठरते.

प्रमाण बहुधा सातशेस एक किंवा साडेतीनशेस एक घेतात. पहिल्यात 'विक्रांत' साडेतीस सेंटिमीटरची होते, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. दुसऱ्यात बरोबर दुप्पट. सातशेच्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे डेकवरचा खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो. मुंगीही त्याहून मोठी असते. त्याला टोपी घालायची की नाही यावर माझा मित्र दोन दिवस विचार करीत होता. मी म्हटले, अरे, आधी विमाने मोज.

विमानांत दोन मुख्य. सी हॉक हे एका माणसाचे जेट लढाऊ विमान, लांबी सुमारे १२ मीटर, म्हणजे साधारण एका एसटी गाडीएवढी. पंखांचा पसाराही जवळजवळ तितकाच, पण पंख वर मिटले की रुंदी चार मीटरांवर येते. अलिझे हे फ्रेंच बनावटीचे, पुढे पंखा असलेले, तीन माणसांचे पाणबुडीशोधक विमान; त्याच्या पंखांचा पसारा साडेपंधरा मीटर. शिवाय पाण्यात पडलेल्या वैमानिकाला उचलण्यासाठी अल्युएट हेलिकॉप्टरे, ज्यांना आपण पुढे चेतक म्हणू लागलो. बहुतेक प्रतिकृतींत ही सर्व विमाने पंख पसरून, सारख्या अंतरावर, कवायतीला उभी केल्यासारखी असतात. डेपोत कधी अशा गाड्या लावतात का? जी आधी सुटायची ती पुढे, जी कामावर नाही ती कडेला, आणि मधली वाट मोकळी. डेकवरही तेच. जहाजाच्या पोटातल्या हँगरमधून दोन लिफ्ट विमाने वर आणतात. उड्डाणाच्या वेळी विमाने पिछाडीस दाटीने उभी असतात आणि कॅटपल्टपर्यंतची वाट रिकामी. विमाने परत उतरत असतील तर नेमके उलट, कारण तेव्हा पिछाडी मोकळी हवी. म्हणून प्रतिकृतीत विमाने मांडण्याआधी ठरवावे लागते की आपण कोणता क्षण दाखवीत आहोत.

आणि असा क्षण आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी 'विक्रांत'वरून सी हॉक विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. त्याच दिवशी चितगाववरही हल्ला झाला. पुढचे काही दिवस पूर्व पाकिस्तानची बंदरे व जहाजे यांच्यावर तिची विमाने घिरट्या घालीत होती. कप्तान होते स्वराज प्रकाश. त्यांना महावीर चक्र मिळाले. या पराक्रमाची एक बाजू मात्र कोणत्याही फोटोत दिसत नाही. 'विक्रांत'च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता. तिचा मूळ वेग ताशी पंचवीस सागरी मैलांच्या आसपास. तीन बॉयलरांवर तो गाठणे शक्य नव्हते. विमानवाहू जहाजाला वेग पळण्यासाठीच लागतो असे नाही. विमान उडताना समोरून जितका वारा मिळेल तितका हवा असतो, आणि निसर्गाचा वारा पडलेला असला तर जहाजाने स्वतः धावून तो निर्माण करायचा असतो. म्हणून तिला लढाईत उतरवावे की नाही असाच प्रश्न होता. तरी ती उतरली. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी तिच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली, तेव्हा 'राजपूत' या जुन्या विनाशिकेने आपणच 'विक्रांत' आहोत अशी बतावणी केली, आणि खरी 'विक्रांत' तिकडे अंदमानात जाऊन राहिली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ 'गाझी' बुडाली.

बॉयलरचा तडा प्रतिकृतीत कसा दाखवायचा? मित्राचा हा प्रश्न बरोबर होता, कारण तो पोटात आहे. पण त्याचा परिणाम बाहेर दिसतो. हौशी लोक जहाजाभोवती समुद्र करतात आणि नाळेपाशी पांढऱ्याशुभ्र फेसाची मोठी लाट काढतात. ती लाट पंचवीस मैलांच्या वेगाची असते. १९७१ च्या डिसेंबरातील 'विक्रांत'च्या नाळेपाशी इतका फेस काढणे म्हणजे इतिहासाला सोडून जाणे होय. मित्राने मोठी लाट खरवडून काढली. स्पर्धेच्या परीक्षकांना तो फरक कळेल न कळेल, पण तीन बॉयलरांवर ते जहाज चालवणाऱ्या खलाशांना नक्की कळेल. ऐन विशीत ज्यांनी ते बॉयलर सांभाळले ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, आणि त्यांना विचारायचे तर फार वर्षे हातात नाहीत.

जहाजाला विचारण्याची सोय तर उरलेलीच नाही. संग्रहालय २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाले. मी तेव्हा पहिलीत जाण्याच्या वयाचा होतो. जहाज जतन करावे म्हणून प्रकरण न्यायालयात गेले, पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीस मोकळीक दिली, आणि त्या वर्षअखेरीस मुंबईत ती तोडायला सुरुवात झाली. तिच्या वर्गातली ती शेवटची. तोडताना कोणी एकेका भागाचे माप घेऊन ठेवले असते तर माझी वही कितीतरी सोपी झाली असती. मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटपाशी तिच्या धातूतून केलेले एक छोटे स्मारक २०१६ साली उभे राहिले. त्याच वर्षी आपल्या आकुर्डीच्या बजाज कंपनीने तिचे पोलाद वापरलेली मोटारसायकल बाजारात आणली. तशी एक गाडी मध्यंतरी बाबांच्या गॅरेजमध्ये टाकीला पोचा पडून आली होती. बाबांनी लाकडी हातोडीने पोचा काढला, रंग मारला, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "पत्रा बरा होता." 'विक्रांत'च्या धातूविषयीचा एवढाच अभिप्राय माझ्या वहीत प्रत्यक्ष हात लावलेल्या माणसाचा आहे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. तीही आता फोटो शोधताना मध्ये येते! २६२ मीटर लांब, ४५ हजार टनांच्या घरातली, रूपाने अगदी निराळी. नाव तेच असल्याने पुढच्या पिढीच्या साधनांत आणखी गोंधळ होणार. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नावाबरोबर महिना आणि साल लिहिले आहे.

१९७१ च्या डेकवरची विमाने मात्र अजून प्रत्यक्ष पाहता येतात. गोव्यात दाबोळी विमानतळापासून जवळच, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे सी हॉक आणि अलिझे उघड्यावर उभी आहेत. आपल्या महाविद्यालयाची सहल पुढेमागे गोव्यास गेली, तर समुद्रकिनाऱ्यातून दोन तास काढून कोणीतरी तेथे जावे. विमानाशेजारी एका मित्राला सरळ उभे करून समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो घ्यावेत, आणि त्या मित्राची उंची फोटोच्या मागे लिहून ठेवावी.